पासात चिप घातली म्हणजे डुप्लिकेट बंद होतात का?

प्रश्न असा आहे की पार्ल्यातल्या एका मंडळाचा डिसेंबरमध्ये तीन दिवसांचा नाट्य-संगीत महोत्सव आहे, मोकळ्या मैदानावर, रोज साधारण ४००० माणसं. गेल्या वर्षी सीझन पासच्या कलर झेरॉक्स निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी खरे पासवाले बाहेर ताटकळत राहिले. आता एक वेंडर म्हणतोय की आरएफआयडी पास (रेडिओ लहरींवर वाचली जाणारी चिप घातलेले) करा, गेटवर कमान लावतो, माणसं नुसती चालत आत जातील, एकही डुप्लिकेट येणार नाही, आणि तीच कार्डं नंतर मंडळाच्या ऑफिसच्या दरवाजालाही चालतील. करावं का?

मी १८ वर्षं मुंबईत हेच काम करतोय, अर्धा वेळ ऑफिसांचे दरवाजे आणि अर्धा वेळ कार्यक्रमांची गेटं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. वेंडरच्या तीन गोष्टींपैकी एक अर्धवट खरी आहे, एक तुमच्या कामाची नाही, आणि तिसरी तर अजिबात करू नका.

आधी झेरॉक्सचं बघू. गेल्या वर्षी झेरॉक्स चालली कारण पास बघणारा मुलगा फक्त रंग आणि छपाई बघत होता. पासावर नंबर होता ना? त्या नंबरावर आधी कुणी आत गेलंय का हे कुणी तपासत होतं का? नसणारच. म्हणजे घोळ कागदाचा नव्हताच, एकच नंबर दोनदा आत जातोय हे कळायची सोय नव्हती. ती सोय साध्या क्यूआर कोडनेसुद्धा होते, मोबाइलवर स्कॅन केला, पहिल्यांदा हिरवा, दुसऱ्यांदा लाल, संपलं. आणि ती सोय नसेल तर दोनशे रुपयांची चिप लावा नाहीतर दोन हजारांची, काही फरक पडत नाही. चिप फक्त स्वतःचं नाव सांगते. त्या नावाच्या माणसाला आत सोडायचं की नाही हे ठरवणारी यादी वेगळी असते आणि सगळा जीव त्या यादीत असतो.

आता चिप आत कशी असते ते एकदा बघून घ्या म्हणजे पुढचं समजेल. टॅप करायचं कुठलंही पातळ कार्ड मोबाइलच्या टॉर्चवर धरा, कडेकडेने चौकोनी वेटोळं दिसेल, ती अँटेना, आणि एका कोपऱ्यात खसखशीच्या दाण्याएवढा काळा ठिपका, ती चिप. बॅटरी नसते. रीडरच्या, म्हणजे कार्ड वाचणाऱ्या यंत्राच्या, लहरींतून त्या वेटोळ्यात वीज तयार होते, तेवढ्यावर चिप जागी होते, नंबर बोलते आणि परत झोपते. म्हणून ते वेटोळं तुटलं की सगळं संपलं. एका कार्यक्रमात आमच्या स्वयंसेवकांनी जेवणाची कुपनं पासाला स्टेपल केली, मनापासून, नीटनेटकी, प्रत्येक पासाच्या वरच्या कोपऱ्यात एकाच जागी, आणि पिन बरोबर अँटेनावरून गेली. सकाळी दीडेकशे पास मुके. कुणाचीच चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते मी सांगायला हवं होतं.

दुसरं असंच. कमिटीला पासावर सोनेरी फॉइलचा नटराज हवा होता, दिसायला फार सुंदर झाला, पण फॉइल म्हणजे धातू आणि धातू अँटेनासमोर आला की लहरी अडतात. जे कार्ड चार सेंटीमीटरवरून वाचलं जायचं ते रीडरला अगदी चिकटवून दोन-तीनदा घासावं लागत होतं. त्यामुळे छपाईवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा, फॉइल नको, मेटॅलिक शाई नको, पंच करायचा असेल तर जागा आधी आखून दे.

आता कमानीकडे येतो, कारण यात सगळ्यात जास्त पैसे जातात.

आरएफआयडी म्हणजे एकच वस्तू नाही, ढोबळ तीन जाती आहेत. १२५ किलोहर्ट्झची जुनी जात, ती बहुतेक सोसायट्या आणि छोट्या ऑफिसांच्या दरवाजावर असते. १३.५६ मेगाहर्ट्झची, जिच्यात मेट्रोचं कार्ड, बँकेचं टॅप करायचं कार्ड, मोबाइलचं एनएफसी (फोन टेकवून पैसे देतो ती सोय) हे सगळं येतं, ती हाताच्या अंतरावर, खरं तर दोन-चार सेंटीमीटरवर वाचली जाते. आणि तिसरी यूएचएफ, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, जी कित्येक मीटरवरून वाचली जाते, फास्टॅग तीच. वेंडरची कमान ह्या तिसऱ्या जातीची.

फास्टॅग टोलवर चालतो कारण तिथे सगळं फास्टॅगच्या सोयीचं असतं. गाड्या एकामागे एक, लेन आखलेली, टॅग काचेवर ठरलेल्या जागी. आता तुमचं गेट डोळ्यासमोर आणा. काकू पर्समधे पास ठेवून येणार, पर्स काखेत, शेजारी काका, मागे नातू कडेवर. माणसाचं शरीर बहुतांश पाणी आणि पाणी ह्या लहरी पिऊन टाकतं, टॅग अंगाला चिकटला, किंवा मधे दुसरं माणूस आलं, की वाचला जाईलच असं नाही. मी ज्या ज्या कमानी पाहिल्या त्यात गर्दीतून चालणारी सगळी माणसं न चुकता वाचली गेलीत असं एकदाही झालेलं नाही. आणि न वाचणं हा निम्माच त्रास. दुसरा त्रास असा की कमान पाच मीटरवरच्या, बॅरिकेडच्या बाहेर रांगेत गप्पा मारत उभ्या असलेल्या माणसाचा टॅगही वाचते, यादीत त्याची नोंद "आत गेला" अशी होते, आणि तो खरंच गेटवर येतो तेव्हा लाल दिवा. तिकीट काढून आलेल्या माणसाला सगळ्यांसमोर तुमचा पास वापरून झालाय असं सांगावं लागतं. मी तिथे उभा राहिलोय, त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

यूएचएफचं काम वेगळं आहे. प्रदर्शनात कुठल्या हॉलमधे किती माणसं गेली, कुठे किती वेळ थांबली, असला अंदाज काढायला ती ठीक आहे, तिथे शंभरातली काही सुटली तर आभाळ कोसळत नाही. एकेका माणसाला आत घ्यायचं की नाही ह्या कामाला टॅप करायची जातच पाहिजे. माणूस हात पुढे करतो, बीप होतो, त्याला कळतं की झालं, स्वयंसेवकाला कळतं, मागच्यालाही कळतं. ह्या बीपची किंमत फार आहे.

आणि कमान लावली की रांग पटकन सरकते हे पण तपासून बघा. ४००० माणसं, चार लेन, म्हणजे लेनमागे १०००. एका माणसाला ६ सेकंद धरले तर १०० मिनिटं. लेन आठ केल्या आणि माणशी ४ सेकंदांवर आणलं तर साधारण ३३ मिनिटं. चिप वाचायला सेकंदाचा छोटासा भाग लागतो, बाकी सगळा वेळ पास शोधण्यात, पर्सची चेन उघडण्यात, "हा नाही हो, तो दुसरा" मधे जातो. म्हणून खर्च करायचा तर लेन वाढवण्यावर करा आणि गेटच्या २०-२५ फूट आधी दोन मुलं नुसती हे सांगायला उभी करा की पास हातात काढून ठेवा. मी आजवर गेटवर केलेल्या सगळ्या खर्चात ह्या दोन मुलांच्या चहा-वडापावचा खर्च सगळ्यात जास्त फळलाय.

आता पास कसा करायचा. एका दिवसाच्या तिकिटाला चिप लावूच नका, क्यूआर पुरतो. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा चिपवालं प्लॅस्टिकचं टोकन असायचं आणि बाहेर पडताना गेट ते परत घ्यायचं, कारण चिप परत परत वापरायची असते तेव्हाच तिचा खर्च परवडतो. तुमचं एक दिवसाचं तिकीट माणूस घरी नेणार किंवा मैदानातच टाकणार. सीझन पासचं वेगळं आहे. तीन दिवस, मधे चहाला बाहेर जाणं, परत येणं, अंधार, मळलेला कागद, मोबाइलची बॅटरी संपलेली, तिथे चिपचा खरा उपयोग होतो.

मनगटाचा बँड की कार्ड, ह्यावर तुमच्या कमिटीत वाद होईल. मोठ्या म्युझिक फेस्टिवलमधे कापडी बँड असतो, एकदा आवळला की सैल होत नाही, कापल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे रेलिंगवरून मित्राला देता येत नाही. उत्तम सोय आहे, पण तुमचा प्रेक्षक कोण आहे? साठीच्या पुढच्या बायका-पुरुष तीन दिवस बँड घालून आंघोळ, पूजा, स्वयंपाक करणार नाहीत, दुसऱ्या दिवशी तो कापून पर्समधे घालून आणतील आणि तुम्ही त्यांना अडवू शकणार नाही, अडवूही नये. त्यांच्यासाठी कार्डच करा आणि त्यावर फोटो छापा. शक्य असेल तर खुर्चीचा नंबरसुद्धा द्या, कारण एका खुर्चीवर दोन माणसं आली की भांडण तिथल्या तिथे लागतं आणि खोटा पास कुठला ते पाच मिनिटांत कळतं, नाट्यगृहात हेच तर वर्षानुवर्षं चालत आलंय. बँड फक्त स्वयंसेवक, कलाकार आणि बॅकस्टेजवाल्यांना, त्यांच्या रंगावरून लांबूनच समजतं.

कोटेशनमधे नुसतं "आरएफआयडी कार्ड" लिहिलेलं असेल तर परत पाठवा आणि चिपच्या मॉडेलचं पूर्ण नाव लिहून मागा. तुमच्या कामाला एनटॅग २१३ किंवा मायफेअर अल्ट्रालाइट ईव्ही१ भरपूर झाली. २००६ च्या जर्मनीतल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या तिकिटांतसुद्धा अल्ट्रालाइट घराण्यातलीच चिप होती, म्हणजे कागदी तिकिटात ती घालणं काही नवीन नाही. ईव्ही१ मधे मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्यात फक्त पुढे जाणारे काउंटर असतात, १ चे २ होतील, २ चे १ कधीच होणार नाहीत, आणि कार्ड घाईत मधेच उचललं तरी आकडा अर्धवट राहत नाही. ह्याचा उपयोग नेट गेल्यावर होतो, त्याबद्दल लिहायलाच हवं.

काही वर्षांपूर्वी एका मैदानावर आमची सगळी हँडहेल्ड मशीन मोबाइल नेटवर्कवर होती. दुपारी चारला टेस्ट केली, मस्त. सहाला माणसं आली, प्रत्येकाच्या खिशात फोन, टॉवर तोच, आणि सात मिनिटांत सगळ्या मशीनवर नुसतं गोल फिरणारं चक्र. रांग मैदानाबाहेर, मग फुटपाथवर, मग रस्त्यावर, बस अडकली, हवालदार आला. शेवटी आम्ही गेट उघडून सगळ्यांना आत घेतलं, पासवाले, बिनपासवाले, सगळे. तो निर्णय बरोबरच होता, गर्दी दाबून धरण्यापेक्षा चार फुकटे आत गेलेले परवडतात, पण महिनाभराचं काम वाया गेलं. तेव्हापासून माझा नियम आहे की पूर्ण यादी प्रत्येक मशीनमधे आधीच भरलेली पाहिजे, ४००० काय १२००० नावांची यादीसुद्धा फोनला काहीच नाही. मशीनं एकमेकांशी बोलायला गेटवर स्वतःचा राउटर, स्वतःची वायर, स्वतःची बॅटरी. आणि तोही बंद पडला तर ईव्ही१ मधे टॅप झाल्यावर मशीन चिपमधला काउंटर पुढे सरकवतं, त्यामुळे एक नंबर गेटवर वापरलेला पास चार नंबर गेटवर नेला तरी मशीनला समजतं. चहाला बाहेर जाणाऱ्यासाठी बाहेर पडताना पण टॅप करायला लावा, नाहीतर परत येताना तो आतच दिसेल.

एक साधी पण रोज नडणारी गोष्ट. मुंबईत माणूस मेट्रोचं कार्ड, ऑफिसचं कार्ड, बँकेचं कार्ड सगळं एकाच पाऊचमधे ठेवतो, त्यात तुमचा पास पण घालणार. रीडरला एकदम चार चिपा दिसतात, कुठली उचलेल सांगता येत नाही, आणि बऱ्याच स्वस्त मशीनना ते हाताळताच येत नाही. तेव्हा पास वेगळा काढा असा बोर्ड लावा, मोठ्या अक्षरात, मराठीत.

कॉपी होऊ शकते का? हो. चिपचा नंबर बदलता येणारी कोरी कार्डं बाजारात मिळतात. पण तुमच्याकडे एक पास एकदाच हा नियम यादीत बसवलेला असेल तर कॉपीवाला आणि खरा, दोघांपैकी एकच आत जाईल आणि दुसरा आला की फोटो बघून निकाल लागेल. महोत्सवासाठी एवढं पुरेसं आहे. दरवाजासाठी मात्र हे अजिबात पुरेसं नाही, आणि म्हणूनच तिसऱ्या गोष्टीला माझा ठाम नकार.

महोत्सवाचं कार्ड चोराने कॉपी केलं तर तो एक नाटक फुकट बघेल. ऑफिसचं कॉपी केलं तर रात्री दोन वाजता तो तुमच्या कपाटापाशी असेल आणि यादीत नाव तुमच्या खजिनदाराचं दिसेल. १२५ किलोहर्ट्झचं कार्ड तर रेडिओवर आपला नंबर जो विचारेल त्याला सांगतं, ना पासवर्ड ना काही. एका सोसायटीच्या मीटिंगमधे सेक्रेटरी ऐकेनात, म्हणून मी त्यांच्याच परवानगीने त्यांचं कार्ड घेतलं आणि स्टेशनबाहेरच्या चावीवाल्याकडे गेलो. त्याने एका हातात मावणारं यंत्र त्यावर टेकवलं, मग एका निळ्या कीचेनवर टेकवलं, मधला वेळ म्हणजे समोरच्या टपरीवर माझा कटिंग चहा अर्धा व्हायचा होता. ती निळी कीचेन मी मीटिंगमधे परत येऊन दरवाजाला लावली. पुढच्या महिन्यात त्यांनी रीडर बदलले.

मग १३.५६ वाली सुरक्षित का, तर नावावरून नाही सांगता येत. ह्याच जातीतली मायफेअर क्लासिक चिप १९९४ पासून आहे, अजूनही कित्येक ऑफिसांत तीच मिळते. तिचं आतलं कुलूप ४८ बिटांचं आणि २००७-०८ मधेच संशोधकांनी ते उघडून दाखवलं, बर्लिनच्या परिषदेत आणि मग नेदरलँड्सच्या नायमेगेन विद्यापीठात, चिप बनवणारी एनएक्सपी तो पेपर थांबवायला कोर्टात गेली आणि जुलै २००८ मधे कोर्टाने नाही म्हटलं. ऑगस्ट २०२४ मधे तर अशाच एका स्वस्त चिनी सुसंगत चिपमधे मागचा दरवाजा ठेवलेला सापडला, ज्याने सगळ्या किल्ल्या उघडतात. पण त्याहून वाईट म्हणजे बऱ्याच ठिकाणी रीडर त्या कुलपापर्यंत जातच नाही, तो फक्त वरचा नंबर वाचतो. हे तुम्हाला घरबसल्या तपासता येतं. तुमचं मेट्रोचं कार्ड सिस्टीममधे नवीन कार्ड म्हणून रजिस्टर करून बघा. दरवाजा उघडला, तर समजा की रीडर नुसत्या नंबरवर चाललाय, कारण मेट्रोच्या कार्डाच्या आतल्या किल्ल्या तुमच्या रीडरला माहीत असणं शक्यच नाही.

ऑफिससाठी वेगळी थोडीशीच कार्डं घ्या, डेस्फायर ईव्ही२ किंवा ईव्ही३, एईएस ह्या मजबूत सांकेतिक कुलपाच्या किल्लीवर चालणारी, महाग आहेत पण तुम्हाला लागणार किती, पंधरा-वीस. प्रत्येक कार्डाची किल्ली वेगळी ठेवायला सांगा आणि मास्टर किल्ली वेंडरकडे नाही तर मंडळाकडे, बंद पाकिटात. रीडरपासून आत जाणारी वायर पण विचारा. विगँड म्हणजे वायरवरून नंबर पाठवायची जुनी पद्धत, तिच्यात नंबर उघडाच जातो, २६ बिटांच्या प्रकारात तर ठिकाणाचा कोड ० ते २५५ आणि कार्डाचा नंबर ० ते ६५५३५ एवढीच जागा, म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधे तुमचाच नंबर असू शकतो. नवीन रीडर ओएसडीपीचे (त्याच कामाची नवी पद्धत) घ्या, त्यात सुरक्षित चॅनल चालू केला की वायरवरचं बोलणंही कुलूपबंद होतं. आणि एक गोष्ट अशी की जिथे मी कधीच तडजोड करत नाही, चुंबकाचं कुलूप असेल तर फायर अलार्म वाजला किंवा वीज गेली की ते सुटलं पाहिजे आणि आतून बाहेर पडायला कार्ड लागता कामा नये. वेंडरला समोर मेन स्विच बंद करायला लावा आणि दरवाजा स्वतःच्या हाताने ओढून बघा.

माहितीचं पण बघा. चिपमधे नाव, फोन, पत्ता काही घालू नका, फक्त अंदाज लावता न येणारा नंबर. बाकी यादीत, आणि ती यादी महोत्सव संपल्यावर किती दिवसांनी पुसणार ते आधीच ठरवून लिहून ठेवा, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी लोकांचे फोन नंबर वेंडरच्या लॅपटॉपवर वर्षभर पडून राहणं बरं नाही. २००६ च्या त्या वर्ल्ड कपच्या तिकिटांवर जर्मनीत टीका झाली ती ह्याच कारणाने, तिकिटाच्या नावाखाली माणसाची किती माहिती गोळा करायची.

तर माझं म्हणणं असं की एक दिवसाच्या तिकिटाला क्यूआर, सीझन पासला फोटोवालं एनटॅग किंवा ईव्ही१ कार्ड, कमान नको, दरवाजा वेगळा. पैसे देण्याआधी नोव्हेंबरच्या एखाद्या रविवारी मैदानावर तीसेक माणसं बोलवा, त्यात दहा तरी आजी-आजोबा हवेत, पास पर्समधे, खिशात, पाऊचमधे, ओल्या रुमालात गुंडाळून, जसे खरंच आणतील तसे, आणि घड्याळ लावून त्यांना दोन लेनमधून सोडा, मधेच राउटर मुद्दाम बंद करा. वेंडर ह्याला नको म्हणाला तर दुसरा बघा. आणि कार्यक्रमाच्या दिवशी लेनच्या बाजूला एक टेबल, दोन खुर्च्या, छापील यादी, शंभर कोरी कार्डं आणि शांत स्वभावाचं एक माणूस, कारण काही पास मुके निघणारच आणि त्या माणसाला रांगेत उभं ठेवून सगळ्यांसमोर जाब विचारायचा नाही, बाजूला बसवायचं, पाणी द्यायचं, नाव बघायचं, नवीन कार्ड हातात ठेवायचं आणि पहिली घंटा व्हायच्या आत त्याला खुर्चीपर्यंत सोडून यायचं.